घर बंद ठेवून सहा महिने परदेशी जाताना

प्रश्न थोडक्यात असा: घरातली सगळीच माणसं पाच-सहा महिन्यांसाठी परदेशी चालली आहेत, घर कुलूपबंद राहणार आहे आणि हातात अडीच महिने आहेत. तयारी कोणत्या क्रमाने करावी आणि घर नीट बंद कसं करावं?

आधी क्रमाचं बोलू. सगळ्या कामांची यादी काढा आणि प्रत्येक कामापुढे एकच गोष्ट लिहा: हे तिकडे गेल्यावर करता येईल का? बिल भरणं, तिकीट बदलणं, राहायची जागा ठरवणं ही कामं कुठूनही होतात. स्वतःच्या हाताची सही, बोटाचा ठसा, आपल्याच नंबरवर येणारा ओटीपी आणि सिंकखालचा घट्ट बसलेला कॉक यांचं तसं नाही. ज्यांना तुम्ही प्रत्यक्ष हजर लागता ती कामं आधी उरकायची. बहुतेक घरांत उलटं होतं. बॅगा महिनाभर आधी पलंगावर उघड्या पडतात आणि मुखत्यारपत्र शेवटच्या आठवड्यात आठवतं.

पासपोर्टपासून सुरुवात करा. परतीच्या तारखेपर्यंत मुदत आहे एवढ्यावर समाधान मानू नका. अनेक देशांना प्रवेशाच्या दिवसापासून पुढे सहा महिने मुदत शिल्लक लागते. युरोपातल्या शेंगेन देशांत (आपसातली सीमा तपासणी काढून टाकलेला देशांचा गट), तिथून निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत हवी आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा. तिथे कमी मुदतीच्या मुक्कामासाठी नियम आहे कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांचा. यात लोक हमखास चुकतात, कारण ९० दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत. १ जुलैला उतरून ३० सप्टेंबरला निघालात तर ९२ दिवस होतात, कारण येण्याचा आणि जाण्याचा दिवस दोन्ही धरले जातात. दिनदर्शिका समोर ठेवून बोटावर मोजा.

तिकडे गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघायच्या आधीच काढा. ज्या देशाचं मूळ लायसन्स, त्याच देशातून तो मिळतो. रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार दिलेला परवाना एक वर्ष चालतो, १९६८ च्या करारानुसार दिलेला जास्तीत जास्त तीन वर्षं. काही देश यातला एकच मानतात. उदाहरणार्थ, जपानमध्ये १९४९ चाच चालतो.

मुखत्यारपत्र करायचं तर विशेष, म्हणजे ठरावीक कामापुरतं करा; सगळ्या कामांचं कुलमुखत्यारपत्र नको. कोणतं खातं, कोणती मालमत्ता, कोणकोणती कृती आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे चारही त्यात स्पष्ट हवं. मसुदा ज्या कार्यालयात किंवा बँकेत वापरायचा आहे त्यांना आधी दाखवून घ्या. तिथल्या माणसाला एखादा शब्द खटकला तर तुम्ही इथे असताना तो अर्ध्या तासात दुरुस्त होतो. तिकडून तोच कागद करायचा म्हणजे वकिलातीची वेळ घेणं, नाहीतर तिथल्या नोटरीपुढे सही करून वर अपॉस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा यासाठीचा सरकारी शिक्का, मिळवणं. जन्माचा, लग्नाचा, शिक्षणाचा दाखला तिकडे लागणार असेल तर त्यावरचं अपॉस्टिलही इथूनच करून न्या. दाखला ज्या देशाने दिला त्याच देशात ते मिळतं.

आता फोन. लांबच्या मुक्कामात पैशांची अडचण येते ती बहुधा पैसे नसल्यामुळे नाही, ओटीपी न आल्यामुळे येते. निघायच्या महिनाभर आधी एक चाचणी करा. मुख्य सिम दोन दिवस बंद ठेवा, फोन फक्त वायफायवर चालवा आणि रोजची प्रत्येक सेवा उघडून बघा: बँक, ईमेल, विमा, कर, वीजबिल, शेअरचं खातं. जिथे गाडी अडेल ती नावं एका कागदावर लिहा. तेवढीच दुरुस्त करायची आहेत. जिथे सोय असेल तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (फोनमध्येच कोड तयार करणारं) लावा, ते दुसऱ्या एका उपकरणावरही चढवा आणि बॅकअप कोड छापून घ्या. छापलेला कागद फोनच्या पाकिटात ठेवला तर उपयोग नाही, फोनबरोबर तोही जाईल.

ज्या सेवांना एसएमएसशिवाय गत्यंतर नाही, त्यांच्यासाठी नंबर जिवंत राहायला हवा. प्रीपेड नंबर ठरावीक काळ वापरला नाही तर बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. मग तुमच्या बँकेचे संदेश त्या अनोळखी माणसाकडे जातात. रोमिंगचा पर्याय इथल्या नेटवर्कवर असतानाच चालू करून घ्या. मुख्य नंबर प्रत्यक्ष सिम कार्डावर ठेवा आणि तिकडच्या इंटरनेटसाठी ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच उतरवलं जाणारं सिम) घ्या, उलटं करू नका. फोन बिघडला तर कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं. ई-सिम नव्याने उतरवून घ्यायला मात्र बऱ्याचदा त्याच नंबरवरचा ओटीपी लागतो आणि तुम्ही त्या चक्रात अडकता.

बँकेच्या कार्डांवरची मुदत आजच बघा. मध्येच संपत असेल तर नवं कार्ड बंद घराच्या टपालपेटीत येऊन पडेल, आणि त्या कार्डावर लावलेली सगळी आपोआप भरली जाणारी बिलं एकेक करून थांबतील. दोन वेगळ्या नेटवर्कची (उदा. व्हिसा आणि मास्टरकार्ड) दोन कार्डं न्या आणि ती दोन वेगळ्या जागी ठेवा. परदेशात यंत्राने ‘तुमच्या देशाच्या चलनात पैसे घेऊ का’ असं विचारलं तर नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा. आपल्या चलनाच्या पर्यायात दुकानाची बँक स्वतःचा दर लावते आणि तो जवळजवळ नेहमीच महाग पडतो.

औषधांना प्रवासाच्या सहा ते आठ आठवडे आधी हात घाला. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि दिवसातून किती वेळा हे लिहिलेलं पत्र घ्या. ब्रँडचं नाव सीमेपलीकडे उपयोगी पडत नाही, आणि मूळ नावही कधीकधी बदलतं. अमेरिकेत पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतात आणि दम्याच्या पंपातल्या साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, आठवड्याच्या डबीत मोकळ्या करून नेऊ नका. कोडीन, ट्रामाडॉल, झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या, लक्ष केंद्रित होण्यासाठीची औषधं यांवर अनेक देशांत निर्बंध आहेत. जपानमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्याहून जास्त दिवसांची न्यायची असतील तर आधी अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. सर्दीवरच्या काही साध्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, त्यावरही तिथे मर्यादा आहे. ज्या देशात जाताय त्याच्या सरकारी आरोग्य विभागाचा नियम वाचा, आणि विमान मध्ये जिथे बदलणार त्या देशाचाही. पुरवठा ठरलेल्या दिवसांपेक्षा दोन आठवड्यांनी जास्त ठेवा आणि सगळा हातातल्या बॅगेत न्या.

लसीही याच टप्प्यावर. हिपॅटायटिस बीचा नेहमीचा क्रम ०, १ आणि ६ महिन्यांचा आहे, म्हणजे अडीच महिन्यांत तो पुरा होत नाही. डॉक्टरांशी आजच बोला. पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लस टोचल्यावर दहा दिवसांनी लागू होतं आणि ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरलं जातं. दातही तपासून घ्या. अर्धवट राहिलेली रूटकॅनॉल घेऊन निघू नका.

विम्यात दोन ठिकाणी फट राहते. वर्षभराच्या प्रवास विम्यात एका प्रवासाची कमाल मर्यादा असते, ती बऱ्याचदा महिना-दोन महिन्यांची. तुमचे सहा महिने त्यात बसतात का ते बघा. आणि घराच्या विम्यात, घर सलग ठरावीक दिवस रिकामं राहिलं तर काही नुकसानांची भरपाई मिळत नाही असं कलम असतं. पाण्याची गळती आणि चोरी बहुधा त्यातच येतात. विमा कंपनीला लेखी कळवा आणि त्यांच्या अटी विचारून घ्या. ‘दर इतक्या दिवसांनी कुणीतरी घर तपासलं पाहिजे’ अशी अट असेल तर पुढे किल्ली ज्यांच्याकडे देणार त्यांना ती सांगावी लागेल.

आता घराकडे. बंद घरात सगळ्यात मोठं नुकसान पाणी करतं, म्हणून मुख्य कॉक बंद करायचा हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक पूर्ण बंद होत नाही, आणि जोर लावून फिरवला की दांड्याच्या बुंध्याशी गळू लागतो. तो निघायच्या दिवशी पहिल्यांदा फिरवला तर तुमच्या हातात गळका कॉक आणि दारात टॅक्सी अशी स्थिती होते. म्हणून दोन-तीन आठवडे आधी रात्री मुख्य कॉक बंद करा, घरातला सगळ्यात खालचा नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ द्या, आणि धार थांबली की त्याखाली कोरडा पेला ठेवून झोपा. सकाळी चार थेंब असतील तर ठीक. तळ भरला असेल तर कॉक धरत नाही, प्लंबरला बोलावून बदलून घ्या. कॉकच्या दांड्याभोवती कोरडा कागद गुंडाळून ठेवला तर तिथली गळतीही सकाळी दिसते.

पाइपातला दाब काढण्याचं कारण ते लवचीक कनेक्शन पाइप, बेसिनखालचे आणि कमोडमागचे. आत रबर, बाहेर तारेची जाळी. त्यांच्यावर चोवीस तास दाब असतो आणि जुने झाले की टोकाच्या दाबलेल्या रिंगपाशी ते फाटतात. जाळीवर गंजाचा ठिपका किंवा फुगवटा दिसला तर जायच्या आधी बदला. वॉशिंग मशीनचा नळ वेगळा बंद करा, तिचा फिल्टर उघडून उरलेलं पाणी काढा, दाराभोवतीचं रबर आतल्या घडीपर्यंत पुसा आणि दार उघडं ठेवा. गच्चीवरची टाकी फक्त तुमची असेल तर रिकामी करून झाकण घट्ट लावा.

नळ बंद झाले तरी सांडपाण्याच्या बाजूचं काम उरतं. बेसिन, सिंक आणि न्हाणीघरातला नहाणी ट्रॅप यांच्या वाकात साधारण पाच सेंटिमीटर पाणी कायम उभं असतं. गटाराचा वास आणि झुरळं अडवून धरणारं तेवढंच पाणी. वापर थांबला की ते काही आठवड्यांत आटतं, उन्हाळ्यात आणखी लवकर, आणि मग घर थेट गटाराला उघडं होतं. उपाय अगदी साधा आहे. शेवटच्या दिवशी अशा प्रत्येक वाकात, म्हणजे ट्रॅपमध्ये, ताजं पाणी ओता आणि वर दोन-तीन चमचे खनिज तेल (लिक्विड पॅराफिन) सोडा. तेल पाण्यावर तरंगतं आणि बाष्पीभवन अडवतं. खाण्याचं तेलही चालतं, पण महिन्यांनी ते खवट होतं. मग जाळीवर जाड प्लॅस्टिकचा तुकडा चिकटपट्टीने लावा. कमोडच्या भांड्यातलं पाणी काढू नका. भांड्याच्या काठावर स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म ताणून बसवा आणि वर झाकण पाडा.

तापमान शून्याखाली जाणाऱ्या ठिकाणी एवढं पुरत नाही. तिथे पाइप, गिझर आणि फ्लश टँक पूर्ण रिकामे करावे लागतात आणि ट्रॅपमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉलचं गोठणरोधक घालावं लागतं. गाडीचं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते वापरू नका.

फ्रिजचं माझं मत स्पष्ट आहे: बंद करा. सहा महिने कुणी नसताना चालू फ्रिजमध्ये राखण्यासारखं फार थोडं असतं आणि एखादं लांब लोडशेडिंग झालं तर आतलं सगळं सडून वास रबरात आणि इन्सुलेशनमध्ये मुरतो. तो पुढे जात नाही. निघायच्या दोन दिवस आधी तो रिकामा करून बंद करा, कारण फ्रीझरमधला बर्फ वितळायला पूर्ण दिवस लागू शकतो. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे बेकिंग सोडा घालून आतून पुसा. नंतर फ्रिज थोडा पुढे ओढून मागे, कॉम्प्रेसरच्या वरची प्लॅस्टिकची थाळी बघा. वितळलेलं पाणी नळीने तिथे जमतं. ती बहुतेकांना माहीतच नसते, आणि परत आल्यावरचा कुबट वास हमखास तिथूनच येतो. पाणी टिपून थाळी कोरडी करा. दार नुसतं उघडं ठेवलं तर आपोआप लागतं, म्हणून वरच्या कोपऱ्यात घडी केलेला पंचा अडकवून बांधा.

औषधांसाठी किंवा दुसऱ्या कारणाने फ्रिज चालूच ठेवावा लागला तर फ्रीझरमध्ये पेलाभर पाण्याचा बर्फ करून त्यावर नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाशी सापडलं तर मध्ये बराच वेळ वीज नव्हती. वीज गेल्यावर दार न उघडल्यास फ्रिजमधले पदार्थ चार तास टिकतात, भरलेल्या फ्रीझरमधले सुमारे ४८ तास, अर्ध्या भरलेल्यातले २४.

वीज मेन स्विचवरून सरसकट बंद करता येत असेल तर उत्तम. राउटर, कॅमेरा किंवा गजर चालू ठेवायचा असेल तर एकेक एमसीबी (वीजपेटीतला छोटा स्विच) पाडून कोणता कशाचा हे शोधा आणि पट्टीवर लिहा. ज्या एमसीबीवर कॅमेरा आहे त्यावर दुसरं काही नको, नाहीतर एखाद्या दिव्याच्या बिघाडाने कॅमेराही जाईल. बाकी सगळे प्लग काढा. रिमोट, घड्याळं, वजनकाटा यांतले सेल काढा, कारण बंद पडलेल्या सेलमधून क्षार पाझरतो आणि पत्रे खातो. घरी राहणारे लॅपटॉप, जुने फोन निम्मे चार्ज करून बंद ठेवा. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी, दोन्ही अवस्थांत लिथियम बॅटरी लवकर खराब होते. इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरी मात्र उलट: पूर्ण चार्ज करा, पाण्याची पातळी बघा, तारा सोडवा आणि दोन-तीन महिन्यांनी कुणाकडून तरी एकदा चार्ज करून घ्या. गॅसचा व्हॉल्व्ह बंद, सिलिंडर असेल तर रेग्युलेटर काढून टोपी लावलेली.

ओल हळूहळू घर खाते. हवेतली आर्द्रता सातत्याने ६०-७० टक्क्यांच्या वर राहिली की चामडं, पुस्तकं आणि गाद्यांवर बुरशी धरते. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि त्यांची दारं किलकिली ठेवा. गादी उभी करा. कपडे धुऊन, पूर्ण वाळवूनच ठेवा, कारण घामाच्या आणि अन्नाच्या डागांवरच कसर आधी लागते. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत लोकरीचे कपडे दमट कोंडू नका. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवायचे तर तसराळ्यात ठेवा. ते हवेतून ओढलेलं पाणी खाली साठवतात आणि डबा कलंडला तर ते खारं पाणी लाकूड आणि धातू दोन्ही खराब करतं. धान्य, पीठ, बिस्किटं, साबणाच्या अर्धवट वड्यासुद्धा देऊन टाका किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करा.

गाडीचा हिशेब सोपा आहे. उभ्या गाडीतही घड्याळ, गजर आणि संगणक मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर वीज ओढतात. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास, म्हणजे ४५ अँपिअर-तासांची बॅटरी पाच-सहा आठवड्यांत संपली. आणि संपलेली बॅटरी तशीच महिनोन्‌महिने पडून राहिली की पुन्हा नीट चार्ज होत नाही. बॅटरी पूर्ण चार्ज करून ऋण टोकाची तार आधी सोडवा. त्याआधी म्युझिक सिस्टिमचा कोड आणि दोन्ही किल्ल्या जवळ आहेत ना ते बघा. टायरांत नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेकचे पॅड चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांखाली ठोकळे लावा.

किल्ली कुणाकडे द्यायची हे ठरवताना नात्यापेक्षा अंतर बघा. पंधरा मिनिटांत पोचू शकणारा शेजारी तासाभरावरच्या सख्ख्या भावापेक्षा इथे जास्त कामाचा. त्यांना घरी बोलवा आणि कुलूप त्यांच्याच हाताने उघडून घ्या. किल्ली देऊन भागत नाही, कारण जुनं दार कुठे उचलून ढकलायचं हे फक्त घरच्यांना माहीत असतं. किल्लीवर पत्ता लिहू नका. पंधरा दिवसांनी एकदा यावं एवढीच विनंती करा आणि काय बघायचं ते सांगा: छताचे कोपरे, सिंकखालचं कपाट, खिडक्यांचे खालचे काठ, टपालपेटी. आणि आत शिरताच पहिल्या श्वासाला येणारा वास. नाक दोन मिनिटांत सरावतं, म्हणून वासाची नोंद दारातच करायची. प्लंबर आणि वायरमनचे नंबर त्यांच्याजवळ द्या आणि ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च न विचारता करावा असं सांगून तेवढे पैसे आधीच देऊन ठेवा. परदेशात तुमची मध्यरात्र असताना त्यांना परवानगीसाठी ताटकळायला लावू नका.

बॅगांबद्दल थोडंच. पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत जाते, १०० वॉट-तासांपर्यंत. २०,००० एमएएचची बँक साधारण ७४ वॉट-तासांची असते, म्हणजे बसते. १०० ते १६० च्या मधली असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावरची नेताच येत नाही. काही कंपन्या याहून कडक आहेत, त्यांचा नियम तिकीट काढतानाच वाचा. महागडा कॅमेरा किंवा लॅपटॉप नेत असाल तर अनुक्रमांकांचे फोटो आणि खरेदीची बिलं ठेवा, म्हणजे परत येताना तो तिकडे घेतलेला नाही हे सीमाशुल्क खात्याला दाखवता येतं.

शेवटचे दोन दिवस घर बंदच आहे असं समजून राहा. गॅस बंद, फ्रिज बंद, फक्त एक नळ आणि एक दिवा चालू, जेवण बाहेरचं. जे विसरलंय ते या दोन दिवसांत आपोआप समोर येतं. निघायच्या तासात एकाच माणसाने घरभर फिरावं, बाकीच्यांनी दाराबाहेर थांबावं. दोघांनी फिरलं की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने बघितलं असेल. त्या एकाने गॅसचा व्हॉल्व्ह, मुख्य कॉक, एमसीबीची पेटी, मीटरचे आकडे, प्रत्येक खिडकीची कडी आणि शेवटी लावलेलं कुलूप यांचे फोटो काढावेत. विमानात ‘गॅस बंद केला होता ना?’ असा प्रश्न पडतोच, तेव्हा फोटो उघडून बघता येतो. विमा कंपनीलाही तेच फोटो लागतात.

आणि दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. परत उघडायचा क्रम त्यावर लिहा, कारण सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता, डोळ्यांवर झोप असताना तुम्हाला तो आठवणार नाही. आधी खिडक्या. गॅसचा वास येत नाही ना ते बघून मगच वीज. मग मुख्य कॉक अर्धा वळसा, आणि सगळे सांधे हाताने चाचपून झाल्यावर पूर्ण. ट्रॅपवरचं प्लॅस्टिक काढा आणि प्रत्येक नळ काही मिनिटं वाहू द्या. शॉवरचं तोंड बादलीत बुडवून सोडा, तुषार उडवू नका: साचलेल्या कोमट पाण्यात, २० ते ४५ अंशांच्या दरम्यान, लिजिओनेला जिवाणू वाढतात आणि ते श्वासावाटे आत जातात. गिझर ६० अंशांपर्यंत तापवून तेही पाणी सगळ्या नळांतून काढा. अंघोळ त्यानंतर.